हॉलमधलं घुबड

"प्रमिला! हात काढ! हात काढ आधी तिच्यावरचा!"

आवाज भिंतीतून आला. मी दचकले, आत्या दचकल्या आणि वाटी परत द्यायला आलेल्या शेजारच्या भारतीबाई दारातच थबकल्या.

माझा हात हवेतच राहिला. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पलंगाच्या कडेला पुढे वाकून बसल्या होत्या. त्या नुकत्याच न्यूमोनियातून उठल्या होत्या. छातीत कफ दाटून यायचा. तो सुटावा म्हणून सकाळ-संध्याकाळ हाताची ओंजळ करून पाठीवर थापट्या मारायच्या, असं डॉक्टरांनी मला समोर बसवून शिकवलं होतं. तेच माझं चाललं होतं.

"मारतेस काय तिला? लाज नाही वाटत?"

"भाऊजी, डॉक्टरांनीच सांगितलंय की..."

"मला शिकवू नकोस. डोळ्यांनी बघतोय मी!"

एवढं बोलून तो आवाज बंद झाला. भारतीबाईंनी वाटी दाराशेजारच्या स्टुलावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "येते मी." त्या जिना उतरून जाईपर्यंत मला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण तो हवेत राहिलेला हात मला अजून आठवतो.

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, शशिकांत. पुण्याला एका मोठ्या कंपनीत होते. आम्ही बार्शीला. आत्यांना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ते आले, अर्धा दिवस थांबले आणि जाताना हॉलमध्ये टीव्हीच्या वर कॅमेरा बसवून गेले. पांढरा, गोल, बुंदीच्या लाडवाएवढा. त्याची मान सगळीकडे फिरायची, त्यातून दिसायचं, ऐकू यायचं आणि बोलताही यायचं. "आता मी पुण्यात असलो तरी इथंच आहे असं समज," ते म्हणाले. आत्यांनी त्याच्याकडे बराच वेळ टक लावून बघितलं आणि त्याचं नाव ठेवलं घुबड.

त्या दिवसापासून घुबड बोलायला लागलं. "प्रमिला, पंखा कमी कर." "प्रमिला, दुपारची गोळी राहिली का?" "चादर कालचीच दिसते." मी सोफ्यावर जरा पाठ टेकली की हमखास आवाज यायचा, "बसलीस का?" शेवटी मी चहासुद्धा स्वयंपाकघरात उभ्यानं प्यायला लागले. कपडे बदलणं, अंग पुसणं असलं सगळं मी आत्यांना आतल्या खोलीत नेऊन करायची. तिथं जरा वेळ लागला तर बाहेरून आवाज, "कुठं नेलंस तिला?"

मला यंत्रांचा राग नव्हता, हेही सांगायला हवं. उलट माझ्या मोबाइलनं आमच्या घरात मजा आणली होती. दुपारी मी आणि आत्या त्याच्यावर नकाशा उघडून त्यांच्या माहेरचं गाव आकाशातून बघायचो. "आणखी खाली उतर की गं, विहीर दिसू दे," असं त्या मला सांगायच्या, जणू मीच विमान चालवतेय. कुर्डुवाडीच्या छबूमावशी, म्हणजे आत्यांची धाकटी बहीण, व्हिडिओ कॉल करायच्या. मग दोघी म्हाताऱ्या एकमेकींना कवळ्या काढून दाखवायच्या आणि लहान पोरींसारख्या हसायच्या.

पण त्या सकाळी घुबड ओरडलं, आणि ते तिथंच थांबलं नाही.

दुपारी आमच्या घरच्या ग्रुपवर एक क्लिप आली. जेमतेम काही सेकंदांची, आणि आवाज काढून टाकलेली. वाकलेली म्हातारी आणि तिच्या पाठीवर पडणारा माझा हात. खाली भाऊजींनी लिहिलं होतं, "आपली आई अशी सांभाळली जाते. बघा आणि ठरवा."

संध्याकाळपर्यंत छबूमावशी फोनवर रडल्या. आत्यांचे भाऊ, अकलूजचे दिगंबरमामा, निवृत्त हेडमास्तर, त्यांनी मला नाही, माझ्या नवऱ्याला फोन केला आणि बराच वेळ काहीतरी सुनावलं. मी दिलेला खुलासा कुणी वाचला, कुणी नाही. ज्यांनी वाचला त्यांनाही तो सारवासारव वाटला असणार.

"दादाशी बोलतो मी," नवरा म्हणाला.

"कधी?"

"बोलतो म्हटलं ना."

तो बोलला नाही. तो माणूस वाईट नव्हता, पण लहानपणापासून दादासमोर त्याची जीभ टाळूला चिकटायची.

मग मीच डॉक्टरांना गळ घातली. त्यांनी भाऊजींना फोन करून सगळं नीट समजावलं. थोड्या वेळानं भाऊजींचा मला फोन आला.

"डॉक्टर म्हणतात तर असेल तसं."

"मग ग्रुपवर तेवढं लिहा, भाऊजी."

"आता कशाला परत उकरून काढायचं? झालं ते झालं. आणि खरं सांगू का, कॅमेरा होता म्हणून निदान विषय तरी निघाला."

मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मी रडले नाही. गॅसवर दूध होतं, ते उतू जाऊ दिलं नाही. पण त्या "बरं"च्या आतच माझं ठरून गेलं होतं.

भाऊजी एक गोष्ट विसरले होते. कॅमेरा जोडताना त्यांनी माझाच मोबाइल घेतला होता, माझ्याच नंबरावर खातं उघडलं होतं आणि मग तेच खातं पुण्याच्या फोनवर चालू केलं होतं. ते अ‍ॅप माझ्याकडंही होतं. हिला काय कळतंय, म्हणून त्यांनी ते काढायचीही तसदी घेतली नव्हती. मी ते उघडून एकेक बटण दाबत बसले. जुन्या क्लिप कुठं साठतात ते कळलं, मान कशी फिरवायची ते कळलं. आणि एका कोपऱ्यात लिहिलेलं दिसलं, "इतरांना दाखवा". तिथं दुसऱ्याचा नंबर घातला की त्यालाही आपलं घर दिसायला लागतं.

मी आत्यांच्या शेजारी जाऊन बसले. घुबडाकडे पाठ करून, हळू आवाजात.

"आत्या, मामांना आणि छबूमावशींना हे घुबड दाखवू का? त्यांच्या फोनवर तुम्ही दिसाल दिवसभर. तुमची हरकत असेल तर नाही."

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. "शशीला कळेल?"

"त्यांना दिवसभर हालचाल दिसली म्हणून सूचना येतात. ही त्यातच जाईल, ते आता वाचत नसणार."

"मग दाखव," त्या म्हणाल्या, आणि शेंगा सोलायला लागल्या.

मी मामांना फोन केला. आवाजात जेवढा साळसूदपणा आणता येईल तेवढा आणला. "मामा, ती क्लिप बघून तुम्हाला घोर लागला असेल. आता तुम्हीच रोज बघा आत्यांना. माझं काही चुकलं तर मला सांगा." मामांच्या नातीनं त्यांना सगळं जोडून दिलं, छबूमावशींना त्यांच्या सुनेनं.

दोघांनी बघितलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. मला कळायचं, कारण अ‍ॅपमध्ये त्यांची नावं हिरवी व्हायची. पहिल्या काही दिवसांतच मामांचे ग्रुपवरचे टोमणे बंद झाले. छबूमावशींनी मला फोन केला आणि एवढंच म्हणाल्या, "प्रमिला, तू जेवतेस कधी गं?"

तिथं एखादी थांबली असती. माझ्यावरचा आळ पुसत आला होता. पण मला तेवढं पुरेसं नव्हतं. त्या माणसानं मला बघितलं होतं, आता त्याला कुणीतरी बघायला हवं होतं.

त्याच सुमारास नवऱ्याला निवडणुकीची ड्युटी लागली आणि लातूरला माझ्या बहिणीनं, सुषमानं, वास्तुशांतीचं बोलावणं धाडलं. एरवी मी गेलेच नसते. आता मी हॉलच्या मधोमध उभी राहिले आणि पहिल्यांदाच आपणहून त्या कॅमेऱ्याशी बोलले.

"भाऊजी, ऐकताय ना? मी लातूरला चाललेय. हे ड्युटीवर असतील. आत्यांजवळ कुणीतरी हवं."

घुबडाची मान माझ्याकडे वळली. मग आवाज, "बाई ठेव एखादी."

"परक्या बाईच्या हाती कसं सोडायचं? परवाची क्लिप तुम्हीच टाकलीत ना? लोक काय म्हणतील?"

भाऊजी आले. मोठी बॅग, लॅपटॉप, कानाला लावायचं ते यंत्र, सगळं घेऊन. कंपनीचं काम घरून करणार होते. मी गोळ्या दाखवल्या, पथ्य सांगितलं, पाठीवर थापट्या कशा मारायच्या तेही करून दाखवलं. ते मान हलवत होते आणि मोबाइल बघत होते.

लातूरच्या गाडीत बसल्यावर मी मामांना फोन लावला. "मामा, त्या अ‍ॅपमध्ये खाली माइकचं चित्र आहे बघा. ते दाबून धरलं की तिकडं बोलता येतं. मावशींनाही सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुषमाच्या घरात मांडवाची धांदल होती आणि मी माजघरात कोपरा धरून मोबाइल उघडून बसले होते. भाऊजी बनियनवर, सोफ्यावर, मांडीवर लॅपटॉप.

"शशी, चहा देतोस का रे?" आत्या म्हणाल्या.

"पाच मिनिटं, आई. मीटिंग आहे."

पाच मिनिटं गेली. त्यावर आणखी तेवढीच गेली. आणि भिंतीतून आवाज आला.

"शशिकांता!"

भाऊजी असे उडाले की लॅपटॉप मांडीवरून घसरला.

"कोण? कोण आहे?"

"दिगंबर. आधी आईला चहा दे."

"मामा? तुम्ही यात कसे?"

"ते नंतर. चहा!"

मीटिंगमधल्या माणसांनीही ते ऐकलं असावं, कारण भाऊजींनी घाईनं लॅपटॉप मिटला. आत्या खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचा चेहरा अगदी गरीब दिसत होता.

मग छबूमावशी आल्या. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळं त्या बोलतात तेच ओरडून. "शशी! अंगात सदरा घाल! घरात बाईमाणूस आहे ना?" "साखर किती ओततोस रे, तिला मारतोस काय?" "सारखा त्या फोनमध्ये काय बघतोस? ती तोंड बघतेय तुझं!" त्या थांबल्या की मामा सुरू. मामांनी आयुष्यभर शाळा चालवलेली, त्यामुळं एकदा वर्ग मिळाला की ते सोडत नाहीत.

भाऊजींनी मला फोन केला. मी उचलला नाही. वास्तुशांतीच्या घरात फोन कुठं ऐकू येतो! दुपारी त्यांनी कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. तेव्हा मामांनी थेट त्यांच्या मोबाइलवर फोन केला. टॉवेल पांढरा होता, त्यातून मला काही दिसत नव्हतं, पण ऐकू स्वच्छ येत होतं.

"हो मामा... नाही मामा... लपवायचंय कशाला?... नाही, नाही, काढतो."

टॉवेल निघाला. भाऊजींचा घामेजलेला चेहरा अगदी जवळून दिसला. मी तो बोटांनी मोठा करून बघितला. मला माहेरचं श्रीखंडसुद्धा इतकं गोड लागलं नव्हतं.

मला एकदाही त्या माइकचं बटण दाबावं लागलं नाही. बोट तिथवर जायचं, पण मी ते मागं घ्यायची.

खरी मजा आली ती पूजा उरकल्यानंतरच्या सकाळी. आत्यांचा खोकला वाढला होता. भाऊजींनी त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं, पुढे वाकवलं आणि ओंजळ करून पाठीवर थापट्या मारायला लागले. बिचकत, चुकत. दोन-तीन थापट्या झाल्या असतील नसतील, आत्यांनी बोंब ठोकली, माझ्या थापट्यांना कधी ठोकली नव्हती तशी.

"अगं आई गं! मारतोस काय रे!"

"हात काढ!" घुबडातून छबूमावशी किंचाळल्या. "हात काढ तिच्यावरचा, मेल्या!"

भाऊजींचा हात हवेतच राहिला. "मावशी, अहो डॉक्टरांनीच सांगितलंय!"

"मला नको शिकवूस! डोळ्यांनी बघतेय मी!"

मी इतकी हसले की सुषमा धावत आली. तिला वाटलं मला भोवळ आली.

हसू ओसरल्यावर मी कामाला लागले. तेवढाच तुकडा कापला. आवाज काढून टाकला. वाकलेली म्हातारी आणि तिच्या पाठीवर पडणारा हात. ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "आपली आई अशी सांभाळली जाते. बघा आणि ठरवा." भाऊजींचं वाक्य मी एका अक्षरानंही बदललं नाही.

 मग मामांचा मेसेज आला, "शशिकांत, खुलासा कर."

भाऊजी बराच वेळ लिहीत होते. दिसत होतं ना, लिहितायत म्हणून. लिहायचे, थांबायचे, परत लिहायचे. शेवटी आलं ते लांबलचक होतं. कफ कसा साठतो, थापट्यांनी तो कसा सुटतो, हा उपचार आहे, मारहाण नाही, कृपया गैरसमज नसावा. जे वाक्य मी त्यांच्याकडे मागितलं होतं ते त्यांच्या हातानं, सगळ्यांसमोर, शब्द न् शब्द लिहिलं गेलं.

मी त्याखाली लिहिलं, "भाऊजींचं बरोबर आहे. मीही तेच करत होते."

भारतीबाई आमच्या घरच्या ग्रुपवर नव्हत्या. तो खुलासा मी त्यांना वेगळा पाठवला.

मी परत आले तेव्हा भाऊजी दारातच होते. बॅग भरलेली. नवराही ड्युटीवरून आला होता आणि कोपऱ्यात चप्पल काढायचा बहाणा करत उभा होता.

"तूच केलंस हे सगळं," भाऊजी म्हणाले.

"हो."

त्यांनी मी नाकारेन असं धरलं होतं.  मग ते नवऱ्याकडे वळले. "बघितलंस तुझ्या बायकोचं? मी आईसाठी केलं आणि..."

नवऱ्यानं तोंड उघडलं. आता परत "दादा" म्हणणार, म्हणून मी मान फिरवली. पण तो म्हणाला, "तुझी गाडी चुकेल."

भाऊजींनी रागानं स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि पेचकसानं कॅमेरा काढायला लागले. तेव्हा पलंगावरून आत्या बोलल्या. आवाज मोठा नव्हता.

"शशी, तू त्या घुबडातून हिला रोज बोलायचास. पंख्याचं, चादरीचं, गोळीचं. मी तिथंच असायचे की रे. या पलंगावर. समोर."

"आई, तुझ्यासाठीच तर सगळं..."

"मला एकदा तरी हाक मारलीस?"

भाऊजी स्टुलावर उभे होते.

"मी वाट बघायचे," आत्या म्हणाल्या. "तू बघायला लागलास आणि घुबडावरचा तो दिवा हिरवा झाला ना, की मी जरा पदर सारखा करायचे. वाटायचं, आता म्हणेल, आई कशी आहेस. मला ऐकू येतं अजून."

मीही ते पहिल्यांदाच ऐकत होते. मला वाटत होतं, हा सगळा खेळ माझा एकटीचा. त्या पदर सारखा करायच्या ते मी कितीदा बघितलं होतं, आणि मला वाटायचं थंडी वाजतेय म्हणून.

भाऊजी कॅमेरा घेऊन खाली उतरले. आत्यांच्या पाया पडले. आत्यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला नाही. ते गेल्यावर मी विचारलं, "आत्या, परवा जोरात लागलं का हो?"

"छे! त्याच्या हातात जोर कुठाय," त्या म्हणाल्या.

त्यानंतर भिंतीवर स्क्रूची दोन भोकं तेवढी राहिली आणि भाऊजींचे फोन सुरू झाले. आता त्यांना काही दिसत नव्हतं. मी सांगेन तेवढंच कळणार होतं. पहिल्या दिवशी फोन वाजला तसं मी आत्यांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून मान एका बाजूला टाकली.

"झोपल्यात," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही झोपल्या. तिसऱ्या दिवशी अंघोळीला गेल्या. नंतर नंतर आम्हाला बहाणेही सुचेनात. पलंगावर बसून आत्या लाह्या खात असायच्या आणि मी फोनवर सांगायची, "आत्ताच डोळा लागलाय." असे बरेच दिवस गेले. भाऊजींचा आवाज रोज थोडा थोडा उतरत गेला. एका दुपारी त्यांनी हुकूम सोडला नाही की जाब विचारला नाही. म्हणाले, "प्रमिला, खरं सांग. आई बरी आहे ना? तू लपवत नाहीस ना काही?"

मी आत्यांकडे बघितलं. त्यांनी मानेनंच "नको" म्हटलं.

"दिसत नाही का तुम्हाला?" मी म्हणाले आणि फोन बंद करून टीव्हीच्या टेबलावर ठेवून दिला, आत्यांच्या हाताला लागणार नाही असा.

आत्या लाह्यांची वाटी मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहिल्या. खात नव्हत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "लाव आता त्याला फोन. घाबरला असेल तो."

"लावते," मी म्हणाले, आणि आत जाऊन कणीक मळायला घेतली.

थोड्या वेळानं बाहेर फोन वाजायला लागला. वाजून थांबला, परत वाजला.

"प्रमिला, अगं त्याचाच असेल! दे की मला!"

"हात भरलेत, आत्या," मी म्हणाले. कणीक मळून झाली होती. मी तिच्यात थोडं पाणी घातलं, वर मूठभर पीठ टाकलं आणि पुन्हा मळायला लागले.